उचला पाय, बाईसाहेब

…आणि वर मलाच विचारतात, "नॉर्ब, एवढा पांढराफटक का पडलास?" अहो, माझ्या जागी उभे राहिला असतात म्हणजे कळलं असतं. तुम्हाला सांगतो, मी तिथे फक्त चाकांचे नट आवळायला गेलो होतो. धंद्याने प्लंबर, पान्याशी जन्माची ओळख, म्हणून थोरली बहीण लोर्ना म्हणाली, "नॉर्ब्या, हौशी लोकांची राष्ट्रीय शर्यत आहे, चल." साठी उलटली बाईची, जिना चढताना गुडघे धरते, पण त्या बुटक्या लाल गाडीत बसली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

ऐकायची फक्त व्हर्लिनचं. व्हर्लिन म्हणजे तिचा नवरा. मैदानात एक चढ आहे, त्याच्या पलीकडचं ड्रायव्हरला काही दिसत नाही, म्हणून हा बाजूच्या टेकाडावर घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि पुढे कुणाची गाडी आडवी झाली की हिने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून वेग कमी करावा म्हणून रेडिओवर म्हणायचा, "उचला पाय, बाईसाहेब." शांतपणे, मीठ मागावं तसं. बाईसाहेब म्हणणारा जगात तो एकटाच, बाकी कुणाची छाती आहे?

गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच गाडीखाली, गॅरेजमध्ये, काम करता करता हृदय बंद पडलं. पाय तेवढे बाहेर… लोर्नाला वाटलं करतोय काहीतरी, पायाशी कॉफी ठेवून आत गेली. ती कॉफी… जाऊ द्या.

तर मी नट आवळून हात पुसतोय, तोच बाई रेडिओ माझ्या हातात कोंबते. "टेकाडावर तू उभा राहा." म्हटलं, अगं, मी फक्त नट आवळायला आलोय. ऐकतेय कोण? वर जाऊन बघतो तर व्हर्लिनची खुर्ची मांडलेली. हिनेच सकाळी आणून ठेवली होती. त्यावर माझी नुसती टोपी टेकवली, तर तिथे धोक्याचा झेंडा घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने मुकाट्याने उचलून माझ्या हातात दिली. मग उभाच राहिलो, दुसरं काय करणार?

शर्यत सुरू झाली, गाड्या भणभणत गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या, आणि तुम्हाला सांगतो, चढापलीकडे एक निळी गाडी गरकन फिरली नि रस्त्यात आडवी, दार बरोब्बर आमच्या लोर्नाच्या वाटेवर! झेंडेवाला झेंडा उचलतोय, इकडून लाल गाडी सुसाट येतेय. मी बटण दाबून बोंबललो, "लोर्ना, पाय काढ, पाय काढ!" आणि बघतो तर रेडिओचा दिवा बंद. मढं नुसतं. थोबाडात मारल्यासारखा उभा राहिलो मी. आता माझी बहीण जाते, आणि मी नट आवळणारा माणूस, मी काय करू?

आणि चढाच्या अलीकडे लाल गाडीचा आवाज खाली आला. पाय उचलला तिने. हळूच वर आली, निळीच्या बाजूने गवतावरून निघून गेली. वारा नव्हता हो, पण माझ्या मागे खुर्चीचं कापड करकरलं. मी मागे बघितलं नाही. तुम्ही बघितलं असतंत?

खाली आलो तर बाई हेल्मेट काढून घाम पुसतेय. "नॉर्ब्या, वेळेवर बोललास. नाहीतर घुसलेच होते त्याच्या दारात." मी म्हटलं, "हं." ती म्हणाली, "पण मला बाईसाहेब कधीपासून म्हणायला लागलास?"

मी हातातल्या बंद रेडिओकडे बघितलं. आणि तेवढ्यात शेजारच्या तंबूतला आर्लो हातात थाळी घेऊन हजर. "नॉर्ब, चुकलंच रे. रात्री सॉसेज शिजवायचं विजेचं भांडं लावायला तुमच्या रेडिओचा चार्जर काढला, परत लावायचाच राहिला. चालला ना पण? घे, बिअरमध्ये शिजवलेत."

लोर्ना माझ्याकडे बघत राहिली. मी सॉसेजकडे. मग ती उठली, कपात कॉफी ओतली, दूध घातलं, ती स्वतः दूध घेत नाही, आणि गुडघे धरत टेकाड चढून गेली. कप खुर्चीच्या पायाशी ठेवला.

परत आल्यावर एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षीही रेडिओ तूच धर."

म्हटलं, धरतो बाई. मी आपला नट आवळायला गेलेला माणूस, मला कोण विचारतंय? चार्जर तेवढा घरी ठेवून जाईन.