बेस नव्हे, पटाईत

काकू, सलीमभाई, आणि इथे आखातात गाल्याहून, रुस्ताकहून वेळ काढून आलेल्या सगळ्यांनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. माझं काम मोजायचं. दत्ताकाका लेथवर जे भाग बनवायचे, ते मी मोजायचे आणि पास किंवा नापास लिहायचे. आज त्यांना जाऊन अकरा दिवस झाले. त्यांच्याबद्दल बोलणं अवघड आहे. पण मी एक निकाल सांगायला उभी आहे, आणि तो सांगताना मला आनंद झाला तर रागावू नका. परवापासून तो पोटात मावत नाहीये.

काकांच्या पिकअपमध्ये तुम्ही बसला असाल. डॅशबोर्डवर, एसीच्या जाळीशेजारी, एक निळं बाहुलं होतं. बोटाएवढं. मोठं डोकं, फेंगडे पाय, हात मांड्यांवर, चेहरा झिजलेला. आमचे जुने फोरमन महमूद इजिप्तला कायमचे परत गेले, तेव्हा त्यांनी ते काकांना दिलं. म्युझियममधल्या ताइताची नक्कल. गळ्यात घालायची वस्तू. काकांनी काय केलं? आपण गणपतीचं जे करतो तेच. इपॉक्सी लावली आणि पाठीकडून, पायांसकट डॅशबोर्डला चिकटवून टाकलं!

मी वाचून त्यांना सांगितलं, काका, हा बेस. ठेंगू देव. इजिप्तचे बाकीचे देव चित्रात एका बाजूला तोंड करून असतात. बेस सरळ तुमच्याकडे बघतो, जीभ काढून. बाळंतिणीला, झोपलेल्या मुलाला काही बाधू नये म्हणून तो वाईटाला भेडसावतो. त्याचं तोंड बाहेर हवं. तुम्ही ते स्वतःकडे केलंत. तो तुम्हालाच भेडसावतोय.

काका म्हणाले, "बेस झालं. म्हणून तर मी गाडी हळू चालवतो."

पण ते मान्य करेनात. "मोजणीबाई, तुझ्या पुस्तकात बेसच्या डोक्यावर उंच पिसं आहेत. ह्याची कुठायत?"

"तुटली."

"तुटलं तर कड राहते. इथे गोल आहे."

"झिजली."

"मग माझ्या लेथवरचा जॉब झिजला म्हणून पास करशील काय गं?"

मी चिडले. दुसऱ्या दिवशी दुसरं चित्र दाखवलं. आणखी एक ठेंगू देव असतो. टकला, पिसं नाहीत, कधी डोक्यावर भुंगा, पायाखाली मगरी. कारागिरांच्या देवाशी त्याचं नातं. नाव पटाइकोस. काका उडालेच. "पटाईत! हाच तो. पटाईत!"

"काका, पटाइकोस."

"तेच म्हणतोय. कामात पटाईत."

सलीमभाई, तुम्ही तिथेच होतात. तुम्ही म्हणालात, "दत्ता, पुस्तक कशाला? उंची बघ, हा तूच आहेस." सगळं वर्कशॉप हसलं. काकाच सगळ्यांत जास्त हसले.

मग खरा फरक सापडला. पाठीवर. बेसच्या मागे सिंहाची शेपूट असते. पटाइकोसच्या मागे पुष्कळदा पंख पसरलेली देवी असते. आणि आमच्या देवाची पाठ कुठे होती? इपॉक्सीत. "गाडी कंपनीची आहे," काका म्हणायचे, "परत देईन तेव्हा उखडून दाखवीन, इन्शाल्ला. शेपूट निघाली तर तुझा, पंख निघाले तर माझा." शेवटच्या गुरुवारी सुटताना मी म्हटलं, "खलास काका, बेसच आहे. आता वाद नको." ते हात हलवून गेले. शनिवारी सकाळी फोन आला.

माझं शेवटचं वाक्य ते होतं. वाद नको. मी कशाच्या आधारावर म्हटलं? अर्धी वस्तू न बघता. कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा एक फ्लँज, पाइप जोडायची चकती, नापास केला होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "उलटून ठेव, पोरी. खाली बघ." खाली कचऱ्याचा कण अडकला होता, म्हणून माप चुकत होतं. सहा वर्षांत मी हे दुसऱ्यांदा केलं.

परवा गाडी परत द्यायची होती. काकू मला म्हणाल्या, "ते बाहुलं काढून दे गं. मला कळत नाही, देव्हाऱ्यात ठेवू की समुद्रात सोडू." मी हीट गन घेतली. बेताने, कमी तापमानावर. वीस मिनिटं लागली. आधी पाय सुटले, आणि पायाखाली मगर. एक नव्हे, दोन! मी पुन्हा मोजल्या. मग पाठ सुटली.

पंख. दोन्ही पंख, एकेक पीस कोरलेलं, समोरच्या चेहऱ्यापेक्षा स्वच्छ, कारण तिथे कोणाचं बोट लागलं नाही, ऊन लागलं नाही. मी गाडीत एकटी ओरडले. "काका, पास! पास!"

काका, तुम्ही बरोबर होतात. सगळ्यांसमोर सांगते. माझी चूक. हा पटाईत आहे.

आणि काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. देव्हारा नको, समुद्रही नको. मानेमागची कडी शाबूत आहे. मी दोरा ओवून आणलाय, पंचेचाळीस सेंटिमीटर, कमीजास्त करता येईल. गळ्यात घातलं की चेहरा जगाकडे राहतो. पंख कोणाला दिसत नाहीत. ते तुमच्या अंगाला लागतात.

आता सगळे काकांसाठी शांत उभे राहूया. मी प्रत्येक गोष्ट मोजते, ही शांतता मोजणार नाही. काकू दोरा बांधतील. त्या खाली बसल्या की आपण बसू.