आश्विनीच्या गाडीचं नाक

रेसिंगच्या टीममधलं काम मी का सोडलं, ते आज सांगतोच. मी तिथं मेकॅनिक होतो आणि आमच्या गावच्या, युसूफ वडगावच्या किराणावाल्या काकांची पोरगी आश्विनी त्याच टीमची ड्रायव्हर. एकाच माणसानं बसायच्या त्या छोट्या गाड्या. हैदराबादेत शहरातलेच रस्ते बंद करून दोन दिवस शर्यती ठेवल्या होत्या. शनिवारी आश्विनीनं अशी पळवली, की रविवारी तिला तिसऱ्या जागेवरून सुटायला मिळणार होतं.

रविवारी सकाळच्या सरावात आमच्याच टीमच्या दुसऱ्या पोरानं गाडी भिंतीवर घातली. तिचं नाक, म्हणजे पुढचा टोकाचा भाग, तुटलं आणि जादाचं एकबी शिल्लक नव्हतं. नाकाशिवाय गाडी शर्यतीत सोडत न्हाईत. मॅनेजर म्हणाला, "आश्विनीच्या गाडीचं काढ आणि त्याला लाव."

"सर, ती तिसरी हाय. हा अकरावा."

"तो मालकाचा मुलगा आहे."

मी पाना घेऊन बसलो. आश्विनी हेल्मेट घालून तयार उभी होती. म्हणाली, "दादा, तुमी काढताय?" मी नाक काढून त्या पोराच्या गाडीला लावलं.

शर्यत सुटली आणि काकांचा फोन आला. अर्धं गाव दुकानात मोबाइल लावून बसलं होतं. "आपली गाडी दिसंना. काय झालं रे?"

मॅनेजर शेजारीच उभा होता. म्हणालो, "बिघडली, काका."

"ठोकली असंल तिनं. खरं सांग."

आश्विनी माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, "हो."

त्यानंतर काकांनी तिला परत कधी त्या गाडीत बसू दिलं न्हाई.