सिमीकोटचं विमान आणि दशैंचा टिळा

...नाही नाही नाही, हवा खराब आहे हे तुम्ही मला सांगूच नका! तीन तास कुंपणाशी बसलात तर तोंड एवढंसं झालं? दाजू, मी आज तेरावा दिवस बसतोय इथं सिमीकोटला, तेरावा! कुणी मेलं असतं तर एव्हाना लोक तेराव्याचं जेवून, हात धुवून घरी गेले असते! हां, मधे दोनदा आलं विमान, नाही असं नाही, पण एकदा आजारी माणसं पुढं, एकदा बाळंतिणी पुढं... बरोबरच आहे, मी का बाळंत होतोय? मी आपला नरजंग रोकाया, काठमांडूत पोरांना गणित शिकवतो. शिकवतो म्हणजे शिकवत होतो! दशैंची, दसऱ्याची सुट्टी संपली, शाळा उघडली, आता तिहारची, दिवाळीची सुट्टी लागायची वेळ आली, आणि मास्तर इथं ढगाकडे बघत बसलाय!

तुम्हाला सांगतो, हे सगळं कशासाठी? बोटभर टिळ्यासाठी! आमाच्या, आईच्या हातच्या दशैंच्या टिळ्यासाठी! हसू नका. मागच्या साली बाबा गेल्याचं वर्ष होतं, घरात टिळा नाही. त्याच्या आधीची दोन सालं मी खाली नेपाळगंजला अडकलेला आणि इथं वर ढग. म्हणजे आमाचा शेवटचा टिळा माझ्या कपाळाला लागून चार सालं झाली. ह्या साली ती फोनवर म्हणाली, "नरे, पंचाहत्तरी लागली मला. पुढच्या दशैंला मी असेन की तुझे बाबा मला बोलावतील, काय सांगावं?" असं बोलल्यावर कुठला मुलगा घरी बसेल? मी म्हटलं, आमा, येतोच! येतोच म्हणे... विमान काय माझ्या मामाचं आहे?

बरं, काठमांडूपासूनच नाट सुरू! ते शहर म्हणजे वाडगं, चहूबाजूंनी डोंगर, त्या वाडग्यात उतरायचं म्हणून वरती सतरा विमानं घिरट्या घालतायत, ती उतरल्याशिवाय आमचं उडत नाही, आणि आम्ही खाली पट्टे बांधून, कानात कापूस घालून, विमानातल्या पोरीनं दिलेली गोळी चघळत बसलेले. गोळी संपली, दुसरी मागितली, तीही संपली, विमान जागचं हलेना. शेजारी एक गोरे गृहस्थ, पोखऱ्याहून आलेले, सारखे म्हणतात, "वा, काय डोंगर! काय डोंगर!" अहो, तुमच्यासाठी डोंगर! तुम्ही खिडकीतून ते दिसावेत म्हणून पैसे मोजता, आम्ही ते खिडकीच्या फार जवळ दिसू नयेत म्हणून देवाला नारळ बोलतो!

तर दशमीला दुपारी पोचलो नेपाळगंजला. तिथं माझी सासुरवाडी. बिनिता, म्हणजे आमची बायको, माहेरी आधीच येऊन बसलेली, कपाळभर लाल टिळा लावून. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आम्ही लावतो टिळा." म्हटलं नाही, आधी आमाचा, मग बाकीच्यांचा. मोठा मानी! आणि बाजारात जाऊन दोन फण्या केळी घेतली, कच्ची, हिरवीगार. आमाला केळं म्हणजे जीव की प्राण, आणि इथं वर आमच्या हुम्लात केळं कुठलं? कच्चीच घेतली, म्हटलं पोचेपर्यंत पिकतील. हिशेब बघा मास्तरचा!

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला विमानतळावर. तिथं ते सामान जोखत नाहीत, माणूस जोखतात! पिशव्या हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं, सगळ्यांसमोर, आणि काउंटरवरचे घिमिरेजी मोठ्यानं आकडा वाचणार. माझ्या पुढच्या बाईनं अंगात चार स्वेटर घातलेले, खिशात बटाटे! घिमिरेजी म्हणाले, "दिदी, काल तुम्ही पाच किलोनं कमी होता." ती म्हणते, "सणाचं जेवले, हजूर!" मग सगळे बसलो. सहा वाजले, सात वाजले. घिमिरेजींच्या हातात वायरलेस, त्यातून खर्रर्र खर्रर्र, आणि ते मान वर न करता म्हणतात, "खालचं खुलं, वरचं बंद!" म्हणजे काय? म्हणजे नेपाळगंजला लख्ख ऊन आणि सिमीकोटवर ढग. दहा वाजले की वरच्या दऱ्यांतून वारा सुटतो, मग आभाळ उघडलं काय नि मिटलं काय, उद्या या!

उद्या गेलो. जोखलो. "खालचं खुलं, वरचं बंद!" परवा गेलो. जोखलो. मी म्हटलं, घिमिरेजी, आज तरी? ते म्हणाले, "मास्तरसाहेब, मी ढग बनवत नाही." पटलं हो मला, पण पटून काय करू? आमाला फोन लावावा तर इकडचा टॉवर बंद. चौथ्या दिवशी वायरलेसवर आवाज आला, सिमीकोट उघडलं! पोरं नाचायला लागली, बाई बटाट्यांसकट उठली... आणि नेपाळगंजला धो धो पाऊस! पावसाळा जाता जाता उलटून आलेला! घिमिरेजी खिडकीबाहेर बघून म्हणतात, "आज वरचं खुलं, खालचं बंद." आता ह्याला काय म्हणायचं? कपाळावर हात मारावा तर तेही कपाळ कोरं!

इकडे केळी पिकली. हिरवी होती ती पिवळी झाली, पिवळीची ठिपकेदार, वासानं सगळी मंडळी माझ्याभोवती. शेवटी एक फणी तिथंच वाटून टाकली. घरी सासरे रोज नाश्त्याला विचारणार, "जावईबापू, अजून इथंच?" प्रेमानंच हो, पण पाचव्यांदा विचारलं की प्रेमसुद्धा टोचतं. आणि मी मनात दिवस मोजतोय. टिळा पौर्णिमेपर्यंतच, दाजू! पौर्णिमा झाली की संपलं, मग जमरा, म्हणजे घटातले जवाचे अंकुर, वाहत्या पाण्यात आणि वर्षभर वाट बघा. आणि वर्षभर... पंचाहत्तरी लागलेल्या बाईसाठी वर्षभर म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. गणित शिकवतो मी, पण ती वजाबाकी मला करवत नव्हती.

पौर्णिमेला सकाळी बिनिता म्हणाली, "आज राहू द्या. माझ्या आईकडून लावून घ्या टिळा, देवाला कळतं." मी म्हटलं, देवाला कळेल, आमाला कळणार नाही! गेलो. जोखलो. तीन किलो उतरलो होतो, घिमिरेजीसुद्धा हळहळले. आणि साडेसातला वायरलेस खर्रर्र... "खालचं खुलं, वरचंही खुलं! पळा!" पळालो! अहो, म्हातारे पळाले, बाई पळाली, एक बटाटा पडला तो उचलायलासुद्धा थांबली नाही! बसलो, उडालो, डोंगरांच्या खांद्याखांद्यांवरून आलो, इथं ह्याच धावपट्टीवर टेकलो, आणि मी खिडकीतून बघतोय, आमा कुठं उभी आहे, आमा कुठं उभी आहे...

आमा उभी होती! कुंपणाच्या बाहेर नव्हे, आत! विमानात चढणाऱ्यांच्या रांगेत! नवी साडी, पाठीला डोको, ती बांबूची टोपली, हातात फडक्यानं झाकलेलं ताट! अहो, मुलगा वर येत नाही तर आपणच खाली जावं म्हणून म्हातारीनं तिकीट काढलेलं! जन्मात विमानात न बसलेली बाई! मी उतरतोय, ती चढतेय. वैमानिक काही इंजिन बंद करत नाही, पंखा फिरतोय भर्रर्र, दहा मिनिटांत माणसं उतरायची, माणसं चढायची आणि ढग यायच्या आत पळायचं. मी ओरडलो, "आमा!" ती ओरडली, "नरे! थांब तिथंच!" आणि फडकं काढलं!

प्रहरी किंचाळतोय, "आमा, ताट झाका, पंखा चालू आहे!" ती म्हणते, "गप रे, पौर्णिमा आहे!" फडकं सुटलं आणि ते दह्यात कालवलेले लाल तांदूळ, सगळे, सगळे, उडाले की हो! प्रहरीच्या तोंडावर टिळा, वैमानिकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर टिळा, बटाटेवालीला टिळा, एक परदेशी पाहुणा फोटो काढत होता त्याच्या कॅमेऱ्याला टिळा! अख्ख्या विमानतळाला माझ्या आमाचा आशीर्वाद, एक माझं कपाळ सोडून! मग तिनं ताट बोटानं पुसलं. तळाला चिकटलेले तीन दाणे निघाले. मोजले मी, तीन. ते अंगठ्यानं माझ्या कपाळावर असे दाबले... असे दाबले की अजून तिथं दुखतंय असं वाटतं. कानामागं जमरा खोचला. आशीर्वाद म्हणत होती, ओठ हलत होते, पंख्याच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि मी, चाळिशी उलटलेला माणूस, सगळ्यांदेखत घळाघळा रडत होतो. का लाजू? चार सालं झाली होती!

डोळे पुसून म्हटलं, "चल आमा, घरी जाऊ." ती म्हणते, "घरी तू जा. मी चार दिवस रांगेत बसून तिकीट काढलंय!" म्हटलं, अगं, पण मी आलोय ना! "आलास ते बरंच केलंस. गाय व्यायला झालीय, शेजारणीला सांगून जात होते, आता तुलाच सांगते." आणि उरलेली फणी माझ्या हातातून घेतली, डोको सावरला आणि चढली! वळूनसुद्धा बघितलं नाही! विमान उडालं, आणि पाठोपाठ त्या समोरच्या खिंडीतून ढग आला. तो आला तो तिथंच राहायला आला!

तेव्हापासून हे असं. रोज पहाटे गाईला चारापाणी, फापराची रोटी भाजायची, म्हणजे जाळायची, आणि इथं येऊन बसायचं. इथला माणूसही तेच म्हणतो, खालचं खुलं, वरचं बंद! टॉवर सुरू झाला तसा माझ्या सासुरवाडीहून रोज आमाचा फोन येतो. "नरे, विमानात गोळ्या देतात रे, मी चार घेतल्या!" विहीणबाईंनी ह्यांव केलं, सुनेनं त्यांव केलं. काल विचारलं, आमा, वर कधी येणार? तर म्हणते, "तिहार परवावर आलाय, विहीणबाई म्हणतात करूनच जा. तुला कसली घाई? बावीस सालं विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून त्या कुंपणाशी धावायची मी, तू उतरतोस का बघायला. आता बैस जरा."

अरे... अरे, बघा बघा! खिंड दिसायला लागली! ऐकू येतंय का? येतंय ना? आलं! आलं विमान! उठा, दाजू, उठा! हां, माझा नंबर आहे, आज पहिला माझाच आहे, तेरा दिवसांनी... थांबा, ही शेजारणीची पोर! काय गं, पवित्रा? घरून धावत आलीस? काय झालं?... आत्ता? वासराचे पाय दिसतायत? आडवी पडलीय?... चल, आलो.

हं, दाजू, हा माझा नंबर धरा. माझी जागा घ्या तुम्ही. घ्या हो, काट्यावर उभं राहा पटकन, ढग काही तुमची वाट बघणार नाही! आणि एक करा. खाली उतराल तेव्हा दाराशी एक म्हातारी उभी असेल, प्रत्येकाचं तोंड निरखत. सांगा तिला, नरजंग ह्याही विमानात नाही. रडणारबिडणार नाही ती, तिला सवय आहे. एवढंच विचारील, गाय व्याली का?