रिकाम्या डब्याचं मोल

...नाही रे बाळा, तीनशेच्या वर एक युआनही नाही, आणि तेही तू असल्या हवेत छातीशी धरून आणलास म्हणून — ठेव, इथं काउंटरवर ठेव, ओला नाही ना झाला? संध्याकाळी तुफान यायचं म्हणतात, अख्खी गल्ली शटरं ओढून घरी गेली, आणि तू निघालास कॉम्प्युटरचा डबा विकायला! मावशी म्हणतोस म्हणून खरं सांगते, याला आता कुत्रं विचारत नाही. घेताना केवढ्याला पडला होता? नऊ हजार? बघ. आणि नऊ हजारांत आलं काय, तर रिकामं घर — पत्र्याची पेटी, मदरबोर्ड, एवढासा पॉवर सप्लाय आणि त्यातला तो चिमुकला पंखा. प्रोसेसर तू आणायचा, मेमरी तू आणायची, डिस्कही तूच. याच पैशात भरलेला मोठा टॉवर आला असता. मग जास्तीचे पैसे कशाचे? लहान असण्याचे! तैपेईतली घरं ही अशी, टेबलावर ताट ठेवलं की कोपर ठेवायला जागा नाही, म्हणून लोक या डब्यांवर तुटून पडायचे. आमचे हे तेव्हा जेवायलासुद्धा वर यायचे नाहीत, एवढं गिऱ्हाईक. आता वरच असतात, टीव्हीपुढे. खाली पाऊल टाकत नाहीत. — का म्हणजे? आवडत नाही त्यांना इथलं काही.

पॉवर सप्लाय चालू आहे ना याचा? नाही, सहज विचारलं. पंखा फिरतो? आवाज न करता? — छान. म्हणजे, छान काय, जुनं ते जुनंच. पण या कंपनीचा सप्लाय दुसऱ्या कुठल्या पेटीत बसत नाही आणि दुसऱ्याचा यात बसत नाही, हीच तर मेख आहे. तो छोटा पंखा थांबला की आतली वाफ जायची कुठं? मोठ्या टॉवरला श्वास घ्यायला जागा असते, हा बापडा आतल्या आत शिजतो. आपण चहा ओतून आणेपर्यंत सगळं काळं.

ते? ते पडद्यामागचे होय — अरे, पडलेत असेच. हो, तुझ्यासारखेच, त्याच मॉडेलचे. तेही, आणि त्यांच्यामागचेही. कुणी विकायला आणलं की घेऊन ठेवते. — पाचशे? आत्ता तर तीनशेला हो म्हणालास! मघापासून माझ्याच तोंडाकडे बघतोयस होय रे, लबाडा. बरं, पाचशे. घे, पण डबा परत पिशवीत घालू नकोस. हात काढ त्याच्यावरून.

ती टकटक ना? सकाळपासून आहे. तिकडून येतेय, देवीच्या फळीखालून. तोही तसलाच डबा, माझ्या चेंग-याओने स्वतः भरलेला — माझा मुलगा. वर हिरवं पाकीट दिसतंय ना, नारळाच्या कुरकुऱ्यांचं? हसू नकोस, तुमच्या ऑफिसातही असेल यंत्रांवर. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच हवं, पिवळं चालत नाही, आणि तारीख उलटायच्या आत बदलायचं. मी कधी चुकले नाही. चेंग-याओ समुद्रापलीकडे डोंगग्वानला गेला, असलेच डबे बनवायच्या कारखान्यात, तेव्हा हा इथं मांडून गेला. म्हणाला, आई, स्क्रीनवरची ही खिडकी उघडी ठेव, मी हिच्यातच दिसेन, फक्त बंद करू नकोस. बंद केलास तर पासवर्ड विचारेल, तो मी आल्यावर सांगेन. रोज दिसायचा. शेवटी लिहिलं ते अजून आहे तिथं, वाच — ‘आई, थांब हं, आलोच.’

मग थांबलेय.

फोन केला, तो नंबर दुसऱ्याच कुणाचा निघाला. कारखाना म्हणतो, असा कुणी मुलगा आमच्याकडे नव्हताच. हे म्हणतात, बंद कर ते, जीव घेतोय तो उजेड. पण त्याला माझी हीच एक जागा ठाऊक आहे ना? मी समुद्र सांभाळणाऱ्या मात्झू देवीला नवस बोलले, तो येईपर्यंत हा डबा विझू देणार नाही, अमावास्या-पौर्णिमेला मांसमच्छी शिवणार नाही. कौलही लावला, येईल का म्हणून. कौलाचे दोन्ही लाकडी तुकडे उताणे पडले. म्हणजे देवी नुसती हसली, हो नाही की नाही नाही. पुजारी म्हणाला, उद्या पुन्हा विचारा. पुन्हा विचारलं, पुन्हा हसली. दर वेळी हसते बघ. पण नाही म्हणाली का? नाही ना म्हणाली! आपल्या माणसालाच हसून दाखवतात.

वीज गेली तर खाली बॅटरी आहे, तुफानभर पुरेल ती. पंखाच तेवढा... म्हणून तर तुझ्यासारख्यांचे डबे घेते. एक बिघडला तर दुसरा, दुसरा बिघडला तर — इतके आहेत, मला पुरून उरतील. आज तुझाच बसवते. चांगला फिरतो म्हणालास ना?

काय?

बसवायला... हो. बंद तर करावंच लागेल. जरासंच. जरासंच बंद — नाही, पण मग ती खिडकी...

हे तू का विचारलंस? इतके जण येऊन गेले, कुणी विचारलं नाही. ह्यांनीसुद्धा नाही. इतकी वर्षं मी ते डबे... तू पोरगा, पाचशे युआन घे आणि जा ना. वारा सुटलाय.

थांब.

ऐकलंस? थांबली टकटक! अरे, थांबली, आपोआप! मी म्हणत नव्हते, ऐकतो तो, पाकीट कालच बदललंय. किती शांत झालाय बघ. खिडकीही तशीच आहे, उजेड तसाच. — मागे हात? धरलाय की. गरम लागतंय थोडं. वारा? नाही, वारा नाही लागत हाताला... शांत झालाय ना, म्हणून.

नको, तू हात लावू नकोस. तू जा. जाताना शटर ओढ अर्ध्यावर. पूर्ण नको ओढूस, तो आला तर त्याला कळायला हवं, आई आत आहे म्हणून.