भत्त्याच्या मतदानात वाजलेल्या हॉर्नबद्दल

मी, ट्रकलाइनीत ‘उस्ताद’ या नावाने ओळखला जाणारा, वय ५७ वर्षे, धंदा ट्रकचालक, राहणार यार्डामागची गल्ली, सायकलच्या दुकानावरची खोली, आज दुपारी साडेबारा वाजता पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी राहतो. एकुलती एक मुलगी व जावई दोन गल्ल्या सोडून राहतात. जावई माझ्याच मालकाकडे अकरा नंबरची गाडी चालवतात. त्यांना गाडी मीच शिकवली. तेव्हा मी त्यांना ‘अरे’ म्हणत असे, लग्नानंतर ‘अहो’ म्हणतो. राग आला की पुन्हा ‘अरे’ तोंडात येते. गेले आठ दिवस ‘अरे’च चालू होते.

त्याचे कारण असे. आठ दिवसांपूर्वी मालकांनी आम्हा सतरा चालकांना बोलावून सांगितले की, यापुढे पगाराचा तिसरा हिस्सा पगार म्हणून न देता रोजचा भत्ता म्हणून देऊ. गाडी जितके दिवस बाहेरगावी, तितक्या दिवसांचा भत्ता. त्यावर कर कापला जाणार नाही, म्हणून महिन्याला हातात चार पैसे जास्त पडतील. मालक माणूस वाईट नाही. ही कल्पना त्यांच्या हिशेबनिसाची आहे, आणि तो पाच वर्षांत एकदाही केबिनमध्ये चढलेला नाही.

जावयांना ही गोष्ट पटली. घरात पाळणा हलणार होता, त्यांना हातात पैसे हवे होते. मला पटली नाही. विचारल्यावरून कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी ताडपत्रीचा दोर आवळताना मी गाडीवरून पडलो. टाच मोडली. पाच महिने घरी होतो. त्या पाच महिन्यांत भरपाई मिळाली ती पगारावर धरून मिळाली. भत्त्याला त्यात कोणी विचारत नाही, भविष्यनिर्वाह निधीतही नाही आणि बँकेत कर्ज मागतानाही नाही. मुलीचे कॉलेजचे शेवटचे वर्ष त्याच पाच महिन्यांत होते. ते पुरे झाले. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

जावई मला म्हणाले, “मामा, तुमची टाच मोडली म्हणून काय सगळ्यांच्याच मोडणार आहेत का?” मी म्हणालो, “अरे शहाण्या, टाच सांगून मोडत नाही.” त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले. काही निरोप असल्यास मुलीमार्फत जात होता. ती वैतागून म्हणाली, “मी काय पोस्टमन आहे का?”

आज सकाळी अकरा वाजता यार्डात मतदान ठेवले होते. आमच्याकडे हात वर करून मत देत नाहीत. मालकासमोर जमिनीवर उभे राहिले की भल्याभल्यांचा हात खिशातून निघत नाही. केबिनमध्ये बसले की मालक खाली आणि चालक वर असतो, मग जोर येतो. म्हणून जो तो आपल्या गाडीत बसतो. वजनकाट्यावरचा माणूस पाटी-खडू घेऊन मधे उभा राहतो आणि एकेका गाडीचा नंबर पुकारतो. होकार असेल तर दिवा लावायचा, नकार असेल तर एकदा हॉर्न वाजवायचा. ही पद्धत माझ्या आधीपासूनची आहे. आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

दहा गाड्यांपर्यंत सहा दिवे व चार हॉर्न झाले. त्या चारांत एक माझा. काटेवाल्याने “अकरा!” असे पुकारले. जावई दिवा लावणार हे सर्वांना माहीत होते. मी दुसरीकडे पाहत होतो. दिवा लागला नाही. वेळ साधारण अकरा वीस. आणि अकरा नंबरचा हॉर्न जो वाजू लागला तो थांबेचना.

मला आधी वाटले, बटण अडकले. खिडकीतून पाहिले तर जावई एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने हॉर्न दाबत होते आणि तोंडाने ओरडत होते, “मामा! मुलगी! मामा, मुलगी झाली!”

विचारल्यावरून सांगतो की, माझ्या मुलीच्या बाळंतपणाला आठ दिवस अवकाश आहे असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. आज पहाटेच मी व जावई यार्डात निघून गेल्यावर तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. पत्नीने तिला दवाखान्यात नेले. आम्हाला कळवले नाही. का कळवले नाही असे मी नंतर विचारले असता ती म्हणाली, “दोघेही घाबरट. येऊन नुसती लुडबुड केली असती.”

त्यानंतर मी माझा हॉर्न वाजवला. किती वेळ ते सांगता येत नाही. मग सगळ्यांनीच वाजवले. मालकांच्या मोटारीचा चालक, ज्याला मतच नाही, त्यानेही वाजवला. काटेवाला मात्र नेमाचा माणूस. तो प्रत्येक हॉर्नला पाटीवर एक रेघ ओढत होता. खडू संपला तेव्हा तो थांबला. मालकांनी पाटी पाहून विचारले, “अरे, सतरा गाड्या आणि चौतीस नकार? कुठून आले?” काटेवाला म्हणाला, “मालक, मी ऐकले तेवढे लिहिले.”

हे चालू असताना यार्डासमोरच्या दवाखान्यातील दातांचे डॉक्टर एका दाढेवर काम करत होते. पेशंट दचकला आणि डॉक्टरांच्या बोटाला चावला. हे मला मागाहून, डॉक्टरांनी ठाण्यात केलेल्या तक्रारीवरून कळले. बोटाबद्दल मला मनापासून वाईट वाटते. पेशंटची दाढ त्याच झटक्यात निघाली, त्याबद्दल तो खूश आहे, असेही समजते.

मालकांनी जावयांशी हात मिळवला, पण म्हणाले, “हे मत धरायचं नाही. पुन्हा घ्या.” जावई केबिनमधून उतरले नव्हते. त्यांनी तिथूनच विचारले, “मालक, मी आता पंधरा दिवस घरी राहणार. त्या दिवसांचा भत्ता मिळेल?”

मालक म्हणाले, “भत्ता बाहेरगावच्या दिवसांचा. घरी कसला भत्ता?”

“म्हणजे तिच्याजवळ बसलो की पगार तीन हिश्शांतले दोनच?”

मालकांनी हिशेबनिसाकडे पाहिले. हिशेबनिसाने बुटांकडे पाहिले. जावयांनी माझ्याकडे पाहिले. शिकवताना मी त्यांना एवढेच सांगितले होते की चाक ज्याच्या हातात, वळण त्याने घ्यायचे.

काटेवाल्याने उसना खडू आणून पहिल्यापासून पुकारा केला. अकरा नंबरने एकदाच, स्पष्ट, हॉर्न दिला. एकूण तेरा हॉर्न व चार दिवे झाले. दुसऱ्यांदा गोंगाट झाला असे तक्रारीत आहे, तो हाच. तो गोंगाट नव्हता, एकामागून एक रीतसर होता. मालक म्हणाले, “बरं बाबांनो, पगार आहे तसा राहील. जमलं तर भत्ता वर देईन.” त्यावर माझे मत विचाराल तर, पगाराच्या वर मिळणारा भत्ता हसत घ्यावा. पगाराच्या पोटातून काढलेला भत्ता कितीही गोड बोलून दिला तरी घेऊ नये.

अकरा पन्नासला आपली जीप आली. पहिला हॉर्न कोणी वाजवला असे साहेबांनी विचारले. जावई पुढे आले. मी म्हणालो, “अहो, तुम्ही दवाखान्यात जा. मी ठाण्यात जातो.” ते म्हणाले, “मामा, आधी तुम्ही चला ना बघायला.” मी म्हणालो, “बाप आधी.” साहेबांनी त्यांना जाऊ दिले, याबद्दल आभारी आहे. पहिला हॉर्न त्यांचा होता हे खरे आहे. सर्वांत लांब हॉर्न माझा होता, हेही लिहून घ्यावे. दंड होईल तो माझ्या नावावर लावावा, मी आनंदाने भरीन.

हा जबाब चालू असताना एक वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. हवालदारांच्या परवानगीने घेतला. मुलगी बोलत होती. आवाज दमलेला होता. बाळ कसे आहे ते तिने सांगितले नाही. आधी विचारले, “बाबा, पगार राहिला ना?”

मी म्हणालो, “राहिला. तुझ्या नवऱ्याने राखला.”

ती म्हणाली, “मग या ना लवकर. डोळे उघडलेत तिने.”

भेटीची वेळ दोन वाजता संपते. सबब जबाब येथेच पुरा करावा, ही विनंती.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो दारात उभा राहून ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.