भुताने बोलायचं नाही

बसच्या रांगेत माझ्यापुढे भाऊबहीण उभे होते. भावाला कॉलेजसाठी भुताच्या सिनेमाचा ट्रेलर करायचा होता.

"इतके ट्रेलर पाहिले, सगळ्यांची रीत एकच. आधी हसतंखेळतं घर, मग घरात एकटी मुलगी आणि दार करकरतं, मग एकदम शांतता, आणि शेवटी भूत. ते भूत तू."

"भ-भूत काय बोलतं?"

"काही नाही. भूत बोललं की भीती जाते, हा नियमच आहे."

"म्हणून म-मला घेतलंस?"

"तसं नाही गं, वेडाबाई."

"तसंच आहे. शाळेच्या नाटकातही मी झ-झ…"

"झाड होतीस, माहीत आहे. पण वाक्य मध्येच अडलं तर ट्रेलरची लय जाते ना!"

"घरात एकटी सापडलेली मुलगी क-काय म्हणते?"

"'कोण आहे तिथे?' एवढंच."

"मग ती मुलगी मी होईन. भूत समोर आल्यावर त-तुझी तरी जीभ सरळ चालेल का, दादा?"

"…म्हणून दाखव बरं."

"क-क-कोण आहे… त-तिथे?"

रांगेतले दोघेतिघे चटकन मागे वळले.

"काटा आला गं अंगावर! पण मग भूत कोण?"

"तू हो. नियम तुझाच आहे, भुताने तोंड उघडायचं नाही. त-तेवढा वेळ तरी माझं वाक्य मलाच पुरं करू देशील."