नापास माणसाचं कोण ऐकतं?

जमलेल्या मायबहिणींनो, वडीलधाऱ्यांनो, आणि दवाखान्यातून टांग्याने आलेल्या मंडळींनो,

मला सभेत बोलता येत नाही. म्हणून लिहून आणलं आहे. चार वेळा लिहिलं, चार वेळा तपासलं. वाचताना अडखळलो तर हसू नका.

विणकर सोसायटीच्या या पडवीत आपण एरवी सूत घ्यायला जमतो. आज सिस्टर सुभद्राबाईंसाठी जमलो आहोत. त्यांना जाऊन अकरा दिवस झाले. माझ्याआधी चौघे बोलले. कोणी म्हणालं, बाई देवी होत्या. कोणी म्हणालं, सेवेची मूर्ती होत्या. मी खाली बसून ऐकत होतो आणि मला राग येत होता. अजून येतो आहे. देवी रक्तात विष पसरून मरत नाहीत. बाई माणूस होत्या. उमरेडच्या, आपल्यासारख्याच माग असलेल्या घरातल्या. त्यांचं बोट सुजलं, मग हात सुजला, ताप चढला आणि त्या गेल्या. का गेल्या, ते चौघांपैकी एकानेही सांगितलं नाही. मी सांगणार आहे.

आधी माझं सांगावं लागेल. ते त्यातच गुंतलेलं आहे.

मी नर्सिंगच्या परीक्षेत नापास झालो, हे या गल्लीत कोणाला माहीत नाही? लेखी पेपरात मला चांगले मार्क होते. औषधांची नावं मी एकही चुकलो नाही. नापास झालो हाताच्या परीक्षेत. एका माणसाच्या घोट्याला जखम आहे असं समजून पट्टी बांधायची होती. मी हात धुतले. कापूस चिमट्याने उचलला. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. शेवटी पट्टीचं टोक फाडून गाठ मारायची वेळ आली, आणि माझी दोन बोटं जिभेला लागली.

दवाखान्याच्या मंडळींना हे कळणार नाही. मागावर ताण्याचा उभा धागा तुटला की आम्ही बोटं जिभेला लावतो, धाग्याला पीळ देतो आणि गाठ मारतो. दिवसभर तेच. मी सहा वर्षांचा असल्यापासून माझा हात तेच करतो. त्या दिवशी त्याने मला विचारलं नाही. परीक्षक बाईंनी बोटांकडे पाहिलं. म्हणाल्या, "बाहेर जा." तीन वर्षांचं शिक्षण दोन शब्दांत संपलं.

आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत? चौकात मला अडवून विचारलंत, "काहून गा डॉक्टर, थुंकी लावून रोगी बरा केला म्हणते?" विहिरीवर बायका म्हणाल्या, "बायकांचं काम, तेही नाही जमलं वं याले!" मला सगळं आठवतं. मी विसरत नाही, हा माझा दोष आहे.

मी पुस्तकं धोतरात बांधून आढ्याला टांगली आणि मागावर बसलो. पंधरा दिवस फक्त विणत राहिलो. मग एका रविवारी, ज्यांच्या वार्डात मी शिकलो त्या सुभद्राबाई घरी आल्या. पांढरं लुगडं, हातात पिशवी. मागाखाली पाय सोडून बसायच्या खड्ड्यापाशी उभ्या राहिल्या.

"पुस्तकं कुठं आहेत गा?"

"बांधून ठेवली."

"सोड."

मी म्हणालो, "बाई, माझा हातच घाणेरडा आहे."

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "माझ्या परीक्षेत मीबी बोट जिभेले लावलं होतं. परीक्षक तेव्हा दुसऱ्या टेबलाकडं पाहून राहिली होती. म्हणून मी पास झाले. तुझ्याकडं पाहून राहिली होती, म्हणून तू नापास झाला. एवढाच फरक आहे."

मग म्हणाल्या, "पुढच्याच महिन्यात माझ्या वार्डात एका बाळंतिणीले ताप आला. गेली बिचारी. माझ्या हातानं गेली का दुसऱ्या कोणाच्या, मले आजवर माहीत नाही. तुले वेळेवर नापास केलं, हे चांगलं झालं. समजलं?"

मला समजलं नाही. मला त्यांचाही राग आला होता.

त्यांनी आमच्याच दारातला कडुनिंब वाटला, माझ्या दोन बोटांना लावला आणि स्वतःचा हात पुढे केला. "बांध पट्टी." पहिल्या रविवारी मी अकरा वेळा कडू खाल्लं. प्रत्येक वेळी बाई पट्टी सोडायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." पाचव्या रविवारी एकदाही नाही.

मग हात धुणं. या पडवीत येऊन, हे घड्याळ पाहून पाच मिनिटं. मी तीन मिनिटांत थांबायचो. हात स्वच्छ दिसायचे. त्या म्हणायच्या, "दिसतात. झाले नाहीत." उरलेली दोन मिनिटं मी हाडांची नावं म्हणायचो आणि मनगटापर्यंत घासायचो.

आता ऐका. मोठेबाबा, तुम्हीपण ऐका. तुम्ही माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, त्या खांबाला टेकून बसला आहात. उठून जाऊ नका.

मोठेबाबांच्या पायात मागाच्या खड्ड्यातला खिळा गेला. त्यांनी तंबाखू चघळून जखमेवर थुंकली आणि वर फडकं बांधलं. आपल्यात असंच करतात. गुरुवारी मी ते फडकं पाहिलं. वास येत होता. घोटा लाल झाला होता. असा पाय मी वार्डात पाहिला आहे, पुस्तकात वाचला आहे. मी म्हणालो, "मोठेबाबा, आत पू झाला आहे. दवाखान्यात चला."

तुम्ही काय म्हणालात? "नापास माणसानं मले शिकवू नये."

सगळे हसले. आणि मी गप्प बसलो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस मी शेजारच्या मागावर बसून त्या पायाचा वास घेत होतो आणि मनात म्हणत होतो, खरंच आहे, नापास माणसाचं कोण ऐकतं?

रविवारी बाई मला शिकवायला आल्या. दारातच त्यांना वास आला. "कोणाचा पाय आहे?" तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. टांगा येईपर्यंत थांबणं त्यांना पटलं नाही. त्यांनी पाणी उकळलं, सुई उकळली, पाच मिनिटं हात धुतले. जखम मोकळी करताना मोठेबाबांनी पाय झटकला आणि सुई बाईंच्या बोटात गेली. त्यांनी बोट पिळलं, पुन्हा धुतलं आणि मला म्हणाल्या, "पाहत काय राहिला? पट्टी बांध." मी बांधली. बोट जिभेला लागलं नाही. त्या म्हणाल्या, "आता झाला पास." त्यांनी मला म्हटलेलं ते शेवटचं.

मोठेबाबा, तुमचा पाय वाचला. चांगलं झालं. मंगळवारी बाईंचा हात सुजला. त्यांनी सुट्टी मागितली. दवाखान्याच्या मंडळींनो, मान खाली घालू नका, माझ्याकडे पहा. बदली बाई नाही, असं त्यांना सांगितलं. सुजलेला हात घेऊन त्या बुधवारी पूर्ण दिवस वार्डात होत्या. गुरुवारी पडल्या. मग तुम्ही औषधाच्या सुया दिल्या. शनिवारी गेल्या. आणि आज तुम्ही हार घेऊन आलात.

पण सगळ्यात जास्त राग मला ज्याचा येतो, तो हा कागद धरून उभा आहे. मी त्या पहिल्या गुरुवारी ओरडलो असतो, पाय धरून ओढत नेलं असतं, तर बाईंच्या हातात ती सुई आलीच नसती. मला ठाऊक होतं. ठाऊक असायला सर्टिफिकेट लागत नाही. ते मला फार उशिरा कळलं.

परवा घरी मोठेबाबा म्हणाले, "त्या कामानं बाई खाल्ली. तू सोड ते, मागावर बस." मोठेबाबा, मी मागावर बसणार नाही. येत्या सोमवारी माझी परीक्षा आहे. मी जाणार आहे. मला भीती वाटते. काल झोपेतही मी बोट पाहत होतो. पास होईन का, सांगता येत नाही. नापास झालो तर पुन्हा बसेन. पण एक गोष्ट आज सगळ्यांसमोर सांगतो. पास होवो की नापास, या गल्लीत कोणी जखमेवर थुंकलं, तर मी गप्प बसणार नाही. हसा खुशाल. मी फडकं सोडीन.

आता बाईंसाठी उभे राहा. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे, ते मला माहीत आहे. दोन मिनिटांत काहीच स्वच्छ होत नाही. आज पाच मिनिटं उभे राहू. घड्याळ समोर आहे. ज्यांच्या तोंडात तंबाखू आहे, त्यांनी बाहेर जाऊन थुंकून यावं. आम्ही थांबतो.

सुभद्राबाई, मी मोजतो आहे. तीनला थांबणार नाही.